दौलतरावनं टाकलेलं पोतं

मेडशीच्या स्टँडवर दौलतराव हमालाची एक गोष्ट अजून सांगतात. ती खरी आहे, कारण तेव्हा मी तिथं उभी होते. ट्रक पोत्यांनी टपापर्यंत भरलेला, वर थप्पीवर दौलतराव उभे, आणि खाली दुकानाच्या ओट्यावर कुणीतरी पानाची पिचकारी मारून ठेवलेली. त्यांचा जोडीदार इंद्रभान खालून ओरडला, "त्या लाल डागावर बसव तं मानतो तुले!" दौलतरावांनी पोतं मांडीवर घेतलं, कमरेतून एक हिसका दिला. पोतं हवेत एकदाच वळलं आणि पोटावर आडवं पडलं. डाग झाकला गेला. शिवणीचा एक टाकासुद्धा उसवला नाही.

"दौलतरावनं टाकलेलं पोतं फुटत नाही," असं आमच्याकडं म्हणायचे. नवा हमाल आला आणि त्यानं पोतं फोडलं की मुकादम त्याला दौलतरावांच्या हाताखाली द्यायचा. शिकवायचे काय, तर एकच वाक्य. "खांद्यातून नको देऊ, कमरेतून दे." बाकी बोलणं नाही. जयंतीच्या दिवशी पांढरा सदरा घालून मिरवणुकीच्या मागून चालायचे, तेव्हासुद्धा गप्पच.

त्यांची बायको भागिरथा. तिचाही गावात एक मान होता. मृगाच्या आधी घरचं बियाणं निवडायला लोक तिला बोलावून नेत. मांडीवर सूप, डोळे बियावर, तोंड शेजारणीशी बोलतंय आणि बोटं आपली फुटका, सुरकुतलेला, डागी दाणा बाजूला काढताहेत. "भागिरथाच्या सुपातून गेलेलं बी" म्हटलं की पेरणारा निर्धास्त. मी दोघांनाही वीस-बावीस वर्षं ओळखत होते. हमालांच्या संघटनेचं काम मी करते. शाळा सातवीत सुटली, त्यामुळं कायदा मोर्च्यात शिकले. पण ह्या दोघांकडून मी कधी एक तक्रार लिहून घेतलेली नाही. त्यांची तक्रारच नसायची.

मग ते वर्ष आलं. गावातल्या बऱ्याच जणांनी मदनसिंगच्या दुकानातून सोयाबीनचं बी घेतलं आणि पेरलं. उगवलं ते खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखं, इथं पुंजका, तिथं टक्कल. रामराव पाटलांचं सगळं वावर तसंच. लोक चिडून दुकानावर गेले. मी गेले, कारण भांडण असलं की मी जाते.

मदनसिंग मोठा हुशार माणूस. आवाज चढवला नाही. गल्ल्यामागून उठला, ओट्यावर आला आणि पोती उतरवत असलेल्या दौलतरावांकडं बोट केलं.

"कंपनीतून बी चांगलंच आलं होतं. इचारा ह्या दौलतले. वरून पोतं आपटते. सोयाबीनचं बी म्हणजे अंडं हाये, अंडं! अंडे फेकले तं पिल्लं निंगतीन काय?"

लोक हसले. रागानं आलेले लोक हसले की त्यांचा राग कुठं जायचा तिथं जातो. तो दौलतरावांकडं गेला.

"अन् पोत्यामागं मजुरी कोण लावते?" मी म्हटलं. "गाडी खाली कर, लवकर कर, दुसरी येऊन राह्यली, हे कोण बोंबलते? पाठीवर घेऊन एकेक पोतं हळू ठेवलं तं चालते तुमाले?"

"दुर्गाबाई, तुमचा मोर्चा तहसीलवर न्या. हे दुकान हाये."

दौलतराव वर थप्पीवर तसेच उभे होते. हातात धरलेलं पोतं त्यांनी टाकलं नाही. परत थप्पीवर ठेवलं आणि खाली उतरले.

त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. "दौलत नको, बाकी कोनीबी पाठवा," एवढंच मुकादमाला सांगायचे. स्टँडवरची पोट्टी त्यांना "अंडेफोड्या" म्हणायला लागली. छातीत दम्यासारखं आधीपासूनच होतं. सोयाबीनची धूळ वर्षानुवर्षं आत गेलेली. पोतं उचलताना ती धाप लपत होती. बसून राहिल्यावर ऐकू यायला लागली.

एकदा मी त्यांच्या अंगणात बसले होते. भागिरथा चुलीपाशी. दौलतराव खाटेवर. एकाएकी म्हणाले, "दुर्गाबाई, एक इचारू? माह्या हातानं गावाचं बी मेलं काय?"

"नाही."

"तुमाले कसं मालूम?"

"मले मालूम हाये."

"तुमाले सगळंच मालूम राह्यते," असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता खोकले. मला राग आला. दारात त्यांची मुलगी रूपा उभी होती. अकरावीत, विज्ञानाला. ती म्हणाली, "बाबा, हे पाहाता येते."

"काय पाहाता येते?"

"पोतं टाकल्यानं बी मरते का नाही ते. अंदाज कायले लावाचा?"

रूपाला जीवशास्त्र शिकवायला प्रसेनजित सर होते. आमच्याच वस्तीतला पोरगा. एम.एस्सी. झालेला, तासिकेवर शिकवणारा. त्यानं वर्गाला सांगितलं होतं, विज्ञान प्रदर्शनासाठी प्रत्येकानं एक प्रश्न आणा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. पोरांनी मोबाइलमधून आणले: तुळशीचे फायदे, प्लास्टिकचे दुष्परिणाम. रूपानं हा नेला. सर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात चटईवर येऊन बसले.

"प्रश्न छोटा कर," ते रूपाला म्हणाले. "गावाचं बी का मेलं, हा प्रश्न आपल्या मुठीत मावत नाही. पाऊस आहे, पेरणीची खोली आहे, गोदामातली गरमी आहे. आपण एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं सारखं."

"एक पोतं टाकाचं, एक हळू ठेवाचं," रूपा म्हणाली. "बी एकाच ढिगातलं. वजन सारखं."

"किती उंचीवरून?"

"ट्रकच्या थप्पीवरून. खाली फरशीचा ओटा, दुकानावर हाये तसाच."

"टाकणार कोण?"

"मी," खाटेवरून दौलतराव म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, अशा आवाजात.

मग दाणे कुठून घ्यायचे ते ठरलं: दोन्ही पोत्यांच्या वरून, मधून आणि बुडातून. गोणपाटाचे तुकडे एकाच पोत्याचे कापायचे. पाणी एकाच घागरीतलं. गुंडाळ्या एकाच सावलीत. आणि एकेका गुंडाळीवर विसंबायचं नाही, प्रत्येक बाजूच्या चार करायच्या. बी उगवतं की नाही हे ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून पाहायची रीत आमच्याकडं घरोघर आहे, ते कुणाला शिकवावं लागत नाही. पण सरांनी त्यातही खोच काढली.

"जिवंत दाणा कोणता म्हणायचा?"

"ज्याले मोड आला तो," रूपा म्हणाली.

"मोड आला, पण वाकडा, निम्म्यातच थांबलेला. तो?"

रूपानं आपलं बोट उजेडात धरलं. मग म्हणाली, "सरळ मोड, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या खालचा मोजाचा नाही."

"हे आत्ताच ठरवायचं. निकाल पाहून ठरवलं की माणूस आपल्या बाजूनं ठरवतो." हे म्हणताना सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"माह्याकडं काय पाहाता, सर?"

"काही नाही, दुर्गाताई." मग ते दौलतरावांकडं वळले. "आणि काका, निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर?"

चुलीपाशी भागिरथाच्या बांगड्या थांबल्या. दौलतरावांनी धाप खाली बसू दिली आणि म्हणाले, "जाऊ द्या. मले जे हाये ते पाह्यजे. हे असं मधात लटकून मरणं नाही पाह्यजे."

भागिरथानं चहा आणून ठेवला. सगळं ऐकत होती बिचारी. म्हणाली, "मंग याच्यात माहं काय काम?"

"तुहं काहीच काम नाही, माय," रूपा हसून म्हणाली. "तू नुसती बस."

बी रामरावांनी दिलं, दुबार पेरून जे थोडं हाती आलं त्या ढिगातलं. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. वावर त्यांचं गेलं होतं. इंद्रभाननं ओळखीच्या ड्रायव्हरचा ट्रक रविवारी स्टँडवरच्या एका फरशीच्या ओट्याला लावला. दौलतराव वर चढले. पूर्वी दोन झेपेत चढायचे, त्या दिवशी फाळक्यावर पाय ठेवून थांबले, चाकाच्या वर थांबले, थप्पीवर हात टेकवून पुन्हा थांबले. आम्ही इकडंतिकडं पाहत राहिलो.

"बाबा, मुद्दाम हळू नका टाकजा," रूपा खालून म्हणाली. "रोज टाकत होते तसंच टाका."

"मले शिकवतं काय वं?"

त्यांनी पोतं मांडीवर घेतलं. कमरेतून हिसका दिला. पोतं एकदाच वळलं आणि पोटावर आडवं पडलं. इंद्रभाननं शीळ घातली. "फुटलं काय? नाही ना? मंग!" दौलतराव वर बसून राहिले. त्या एका पोत्यानं त्यांचा श्वास सगळा काढून घेतला होता, तरी चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी आलं होतं. दुसरं पोतं इंद्रभाननं पाठीवर घेऊन लेकरासारखं खाली ठेवलं. रूपानं दोन्हींतून दाणे काढले आणि थैल्या बांधल्या. टाकलेल्याला लाल दोरा, ठेवलेल्याला पांढरा.

गुंडाळ्या बांधल्या. पाचव्या दिवशी उघडल्या. प्रसेनजित सर होते, मी होते, रामराव मुद्दाम आले होते. पांढऱ्या दोऱ्याचं बी उगवलं होतं, आणि लाल दोऱ्याचंही उगवलं होतं. दोन्हींच्या चारही गुंडाळ्यांत जवळजवळ सारखंच. रूपानं तीनदा मोजलं. मग ती बापाच्या खाटेपाशी गेली आणि नुसती उभी राहिली.

"उगवलं काय?" दौलतरावांनी विचारलं.

"उगवलं, बाबा. दोनी सारखेच."

त्यांनी डोळ्यावर हात आडवा घेतला. मग भागिरथाला म्हणाले, "माहा पांढरा सदरा काढ वं."

त्या संध्याकाळी दौलतराव मेडशीच्या स्टँडवर चहा प्यायले. पायी गेले, थांबत थांबत. कुणाला काही बोलले नाहीत. मी बोलले. स्टँडवर आमच्या संघटनेचा फळा आहे, त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: "पोतं टाकल्यानं बी मरत नाही. हमालाची माफी मागा." मदनसिंगनं दुकानातून वाचलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. दौलतराव घरी येऊन दोन भाकरी जेवले, रात्रभर झोपले. भागिरथा मला दुसऱ्या दिवशी सांगत होती, "घोरत होते वो, ताई! किती दिसानं घोरले." घोरण्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.

त्याच दिवशी तिनं सगळ्यांना चहाला बोलावलं. अंगणात सर, इंद्रभान, मी. दौलतराव आत पडले होते. कोंबडी आमच्या पायांतून फिरत होती. इंद्रभानला मस्करीशिवाय चहा उतरत नाही.

"भागिरथावयनी, कोंबडी लय फुगली वो. कापाची कधी?"

"फुगन नाही तं काय?" भागिरथा म्हणाली. "लाल दोऱ्याच्या थैलीतली फुटकी डाळ तिलेच टाकली ना सारी."

सरांचा कप तोंडापाशी थांबला. "काकू, कोणती डाळ?"

"रूपा गोणपाट आणाले गेलती. मी थैली पाह्यली, तं बाप्पा, काय कचरा! डाळी झालेले दाणे, साल तडकलेले दाणे. म्हटलं, पोरगी मास्तरसमोर हे असं बी मांडन, तं लोकं म्हणतीन भागिरथाच्या घरचं हाये. सुपात घेतलं अन् देल्लं निवडून. एकेक दाणा पाहून निवडला. पांढऱ्या दोऱ्याचं तं साफच होतं, त्याले हात नाही लावला." हे ती अभिमानानं सांगत होती. लेकीच्या कामात आपलाही हात लागला, एवढंच तिच्या मनात.

रूपा उंबऱ्यात बसली होती. ती उठून उभी राहिली.

मी त्या चटईवरच्या बैठकीत होते. सरांनी उंची विचारली होती, फरशी विचारली होती, पाणी, सावली, मोडाची लांबी, सगळं विचारलं होतं. 'बी निवडायचं नाही' हे कुणी बोललं नाही. बोलणार कोण? आमच्याकडं घरात दाणा आला की बाईचा हात सुपाकडं जातो. तांदूळ असो, तूर असो, पाखरांना टाकायची ज्वारी असो. जे कामच कुणाला दिसत नाही, ते करू नको असं कोण सांगणार? टाकलेल्या पोत्यानं जे दाणे मोडले होते, नेमके तेच भागिरथानं वेचून कोंबडीपुढं टाकले होते. गोणपाटात गेले ते वाचलेले.

"माय, तुले हात लावाले कोणी सांगतलं होतं?" रूपा ओरडली.

"हात लावाले सांगा लागते काय?" भागिरथा गोंधळून आमच्याकडं एकेकाकडं पाहत होती. सरांनी तिला हळू आवाजात समजावलं. समजलं तशी ती खाली बसली. पदर तोंडात धरला.

"कोणाले सांगाची गरज नाही," मी म्हटलं. "झालं ते झालं. माणूस आता कुठं झोपून राह्यला."

"मावशी, बाबाले खरं पाह्यजे होतं."

"बाबाले झोप पाह्यजे होती."

रूपानं माझ्याकडं असं पाहिलं की मी, जी कलेक्टरसमोर आवाज खाली करत नाही, ती कपाकडं पाहायला लागले. ती आत गेली. मग दौलतरावांचा आवाज आला, "मंग पुन्हा कर." आणि थोड्या वेळानं, "मायवर चिडू नको. तिनं तं चांगलंच केलं." रूपा बाहेर आली, फडकं ओलं केलं आणि मेडशीला जाऊन फळा पुसून आली. माझं अक्षर आजवर दुसऱ्या कुणी पुसलेलं नाही.

दुसऱ्या वेळी दौलतरावांना पोतं उचलता येईना. ट्रकवर चढणं तर दूरच. त्यांना खाटेसकट स्टँडवर नेलं. वर इंद्रभान चढला. खाली खाट.

"कमरेतून दे रे, खांद्यातून नको," दौलतराव म्हणाले. "माह्यावाणी पडाले पाह्यजे. नाही तं पोरीचं चुकन."

इंद्रभान एरवी हसल्याशिवाय वाक्य बोलत नाही. त्या दिवशी त्यानं फक्त मान हलवली आणि पोतं मांडीवर घेतलं. पोतं टाकलं. दौलतरावांसारखं पडलं नाही, पण बरंच जवळ पडलं. फुटलं नाही.

या वेळी भागिरथानं सूपच शेजारणीकडं ठेवायला दिलं. लाल दोऱ्याची थैली खुंटीवर होती. ती चुलीपाशी बसायची, डोळे थैलीकडं जायचे, आणि ती आपली बोटं मांडीखाली दाबून धरायची. दौलतराव रोज विचारायचे, "आज पाणी शिंपलं काय? दोनीले सारखं?"

पाचव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या तेव्हा कुणाला मोजावंसं वाटलं नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या गुंडाळ्या ओळीनं उगवलेल्या. लाल दोऱ्याच्या गुंडाळ्यांत निम्मे जेमतेम. बाकीचे फुगलेले, बुळबुळीत, वास येणारे. रूपानं तरीही एकेक दाणा मोजला. चौथ्या गुंडाळीपर्यंत मोजला. मध्येच भागिरथा तिच्या कानाशी वाकली. "रूपा, तुह्या पाया पडतो, सांगू नको त्यायले."

पण खाट तिथंच होती. दौलतराव सगळं पाहत होते.

सर त्यांच्याजवळ बसले. "काका, नीट ऐका. पोतं टाकल्यानं बी दुखावतं, एवढंच यातून निघतं. रामरावांचं वावर तुमच्यामुळं गेलं, असं यातून निघत नाही. ते बी तुमच्या हातात येण्याआधी कितीजणांनी टाकलं, कोणत्या पत्र्याखाली तापलं, आपण पाहिलेलं नाही. तो वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपल्याकडं नाही."

सर खरं बोलत होते. शब्द न् शब्द खरा. पण असलं खरं कळायला माणसाकडं थोडी उसंत लागते.

"मले सुका दाणा दाखवा," दौलतराव म्हणाले.

रूपानं लाल दोऱ्याच्या थैलीतून एक दाणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. दिसायला चांगला होता. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, उजेडाकडं फिरवला. सालीवर केसाएवढी चीर होती.

"पोतं नाही फुटलं कधी माह्या हातानं," ते म्हणाले. "सारी जिंदगी पोतंच पाह्यलं मी. अंदर काय होऊन राह्यलं, ते कोणी सांगतलंच नाही."

मग ते मला म्हणाले, "मले रामरावकडं न्या."

मी भडकले. "कायले? माफी मागाले? मजुरी पोत्यामागं ठेवणारा माफी मागत नाही, वरून टाका म्हणणारा मागत नाही, बी विकून नामानिराळा झालेला मागत नाही. तुमीच काहून?"

"दुर्गाबाई, तुमचं भाषण मले पटते. पण हात माहा होता."

ऑटोत बसवून नेलं. रामराव ओसरीवरच होते. गडबडीनं उठले, खुर्ची पुढं केली. दौलतराव खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानं, दाराच्या चौकटीला धरून, त्यांनी हात जोडले. "पाटील, तुमचं बी माह्या हातानं दुखलं असन." एवढंच त्यांना एका श्वासात बोलता आलं.

रामराव वाईट माणूस नाहीत. बोलायची सवय नसलेला माणूस ऐनवेळी जे तोंडात येईल ते बोलतो. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या, दौलतराव. आता बोलून काय उगवणार हाये?"

त्यांना धीर द्यायचा होता. मला ते दिसत होतं. दौलतरावांना ते तसं लागलं नाही. परत येताना ऑटोत त्यांनी मूठ उघडली नाही. घरी उतरवलं तेव्हा कळलं, तो चिरलेला दाणा अजून त्यांच्या मुठीत होता.

थंडी वाढली तशी छाती भरत गेली. अकोल्याला नेलं, आणलं. स्टँडवर ते पुन्हा गेले नाहीत, आणि गावानं त्यांना 'अंडेफोड्या' म्हणणं सोडलं नाही. नुसता आवाज खाली केला. एका सकाळी भागिरथा चहा घेऊन गेली तर गेलेले होते. विहारातून माणसं आली, वंदना झाली. खांदा द्यायला सगळे हमाल होते. इंद्रभान पुढं होता. दुकानाच्या ओट्याशी वळताना पावलं घाईची झाली, तेव्हा तो मागच्यांवर गुरकावला, "हळू. हळू ठेवाचं हाये."

प्रदर्शन त्यानंतर होतं. रूपा जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली. तिनं दोन्ही वेळचे निकाल मांडले होते. परीक्षकांपैकी एकानं विचारलं, पहिली वेळ बाद का केली? "आईनं बी निवडलं होतं म्हणून," ती म्हणाली. ते हसले. तिनं हसू दिलं. नंबर आला नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. एकदाच म्हणाली, "मावशी, सरांनी सांगतलं ते बाबाले पटलं नाही काय? का मलेच नीट सांगता नाही आलं?" मला तर वाटतं, पहिल्या निकालावर त्यांना झोपू द्यायला हवं होतं. आणि मला हेही माहीत आहे, की पोरीला त्यांनी तसं शिकवलं नव्हतं.

मदनसिंगचं दुकान चालू आहे. आता तो गिऱ्हाइकांना सांगतो, "शाळेच्या पोरीनंच सिद्ध करून देल्लं." पोती अजून वरूनच पडतात, कारण मजुरी अजून पोत्यामागंच आहे. फक्त इंद्रभान पाठीवर घेऊन उतरवतो. मुकादम त्याला शिव्या देतो आणि कमी गाड्या देतो. त्या बाबतीत माझं भांडण चालू आहे. चालू राहील.

मृग जवळ आला तेव्हा रामरावांच्या बायकोनं भागिरथाला बियाणं निवडायला बोलावलं. मी सोबत गेले, ती दिवसभर घरात एकटी बसते म्हणून. ओसरीवर ढीग ओतलेला. भागिरथानं मांडी घातली, सूप घेतलं, दाणे घोळवले. बोटं सवयीनं चालायला लागली. खडा काढला, डागी दाणा काढला. मग एक चिरलेला दाणा हाताला लागला आणि बोटं थांबली.

"काय झालं वो?" रामरावांच्या बायकोनं विचारलं.

भागिरथानं तो दाणा फेकला नाही, सुपातही ठेवला नाही. पदराच्या टोकाला बांधला. पुढचा चिरलेला सापडला, तोही बांधला. त्या दिवशी घरी जाईपर्यंत पदराचं टोक जड झालं होतं. अंगणात कोंबडी धावत आली, तर तिनं पदर वर उचलून धरला आणि तशीच आत गेली.

निवडायला ती त्यानंतर कुणाकडं गेली नाही.